बोलणाऱ्या खेळण्याच्या पोटात काय असतं

१९९८ साली अमेरिकेत फर्बी नावाचं एक खेळणं बाजारात आलं. घुबडासारखे मोठे डोळे, अंगावर केसाळ कापड आणि बोलताना उघडझाप करणारी चोच. घरी आणल्यावर फर्बी आधी स्वतःच्याच एका बनवलेल्या भाषेत बोलायचा आणि दिवस जातील तसे त्याच्या बोलण्यात इंग्रजी शब्द येऊ लागायचे. हा आपलं बोलणं ऐकून शिकतोय अशी लोकांची खात्रीच पटली. ही समजूत इतकी पसरली की अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तचर संस्थेने मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथल्या आपल्या कचेरीत फर्बी आणायला बंदी घातली. जानेवारी १९९९ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. आत चाललेलं गुप्त बोलणं हे खेळणं ऐकेल आणि बाहेर जाऊन बोलून दाखवेल, अशी भीती होती.

फर्बीला तसं काहीच करता येत नव्हतं. त्याचे इंग्रजी शब्द कारखान्यातच भरलेले होते. त्याच्याशी जसजसं खेळलं जाईल तसतसे ते टप्प्याटप्प्याने बाहेर यायचे. त्याच्या मुख्य चिपमध्ये नवीन काही लिहून ठेवायला जागा होती ती १२८ बाइटची. टेलिफोनच्या दर्जाचा एक सेकंदाचा आवाज साठवायला ८,००० बाइट लागतात. फर्बीला माइक होता हे खरं, पण त्यातून त्याला एवढंच कळायचं की आत्ता मोठा आवाज झाला.

पहिल्या तीन वर्षांत चार कोटींच्या आसपास फर्बी विकले गेले. एवढ्या घरांत असलेल्या वस्तूबद्दल एवढा गैरसमज टिकला, कारण तिचं पोट बंद होतं. म्हणूनच मला वाटतं की बंद पडलेलं इलेक्ट्रॉनिक खेळणं भंगारात जाण्याआधी एकदा तरी उघडावं आणि मुलांना शेजारी बसवून उघडावं. आत पाहायचं ते मुख्यतः एकच: हे खेळणं बाहेरच्या जगातलं काय काय ओळखू शकतं? याचं उत्तर आत जाणाऱ्या तारा मोजून मिळतं.

उदाहरणाला आपल्याकडे जत्रेत, एसटी स्टँडवर, कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा मोबाईल घेऊ. बटणं दाबली की अंक बोलतो, गाण्यांच्या चाली वाजवतो, दिवे चमकवतो.

आधी सेल, मग बाकी सगळं

सुरुवात सेलच्या झाकणापासून करायची आणि सेल काढून बाजूला ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही. झाकणाला स्क्रू असतो तो पालकांना त्रास द्यायला नसतो. छोटे सेल मुलांच्या हाती लागू नयेत, झाकण उघडायला अवजारच लागावं, असा खेळण्यांच्या सुरक्षेचा नियम आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळं मानक आहे. तरीही नुसत्या खटक्यावर उघडणारी झाकणं बाजारात सर्रास दिसतात. असं खेळणं लहान मूल असलेल्या घरात ठेवू नये.

याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. बटण सेल गिळला तर त्यातलं रसायन गळून इजा होते असा समज आहे. खरी इजा त्याआधीच सुरू होते. सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. सेल अगदी साबूत असला तरी दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. ३ व्होल्टचे, २० मिलिमीटर व्यासाचे लिथियम सेल यात सर्वांत घातक, कारण ते आकाराने अडकतात आणि विजेचा जोरही जास्त लावतात. नाकात किंवा कानात घातलेला छोटा सेलही तितक्याच घाईने काढावा लागतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि एक्स-रे काढायचा.

काही वस्तू मुलांबरोबर उघडायच्याच नाहीत. थेट भिंतीतल्या प्लगवर चालणारं काहीही नको. रिमोटच्या गाड्यांमधले चार्ज होणारे लिथियम सेल बाहेर काढून बाजूला ठेवायला हरकत नाही, पण ते सोलायचे, वाकवायचे किंवा टोचायचे नाहीत, पेट घेतात. आणि डास मारायची रॅकेट खेळण्यासारखी दिसत असली तरी तिच्या जाळीवर हजाराच्या वर व्होल्ट तयार होतात. बटण सोडल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते.

कवच कसं बंद केलंय

आपला मोबाईल मागून पाहिला तर खोल भोकांच्या तळाशी तीन-चार स्क्रू दिसतील. बहुतेक साधे फुलीचे असतात. कधी तीन कोनांची खाच असलेला स्क्रू भेटतो. त्याचा स्क्रूड्रायव्हर घरी सहसा नसतो, पण मोबाईल दुरुस्तीच्या स्वस्त संचात मिळतो. एखादा स्क्रू हमखास स्टिकरखाली लपलेला असतो. बोटाने स्टिकर दाबत गेलं की खळगा लागतो.

स्क्रू काढूनही दोन भाग सुटत नसतील तर आत प्लॅस्टिकचे खटके आहेत. जोडाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड किंवा गिटार वाजवायची छोटी पट्टी (पिक) घालून एका बाजूने सरकवत न्यायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून उचकटलं की खटका मोडतो आणि हातही कापतो.

तिसरा प्रकार म्हणजे खरोखर सीलबंद खेळणं, ज्याला ना स्क्रू ना खटका. हे बहुधा अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडलेलं असतं. एका अर्ध्या भागाच्या कडेवर बारीक त्रिकोणी कंगोरा ठेवतात, दुसरा भाग त्यावर बसवतात आणि धातूचा ठोकळा टेकवून सेकंदाला वीस हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरवतात. घर्षणाने तो कंगोराच वितळतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. सगळं काम सेकंदभरात होतं. ना गोंद लागतो, ना वाळायची वाट पाहावी लागते. असं कवच उघडायचं तर मोठ्या माणसाने ते शिकंज्यात धरून जोडाच्या रेषेवर हळूहळू दाब द्यायचा. वेल्ड फक्त त्या कंगोऱ्यापुरतं असल्यामुळे अनेकदा रेषेवरच तडकतं. नाही तडकलं तर हॅक्सॉ ब्लेडने तीच रेषा कापायची. हे खेळणं परत जोडलं जाणार नाही हे धरूनच चालायचं.

एवढं घट्ट बंद का करतात? काही लपवायचं असतं म्हणून, असं अनेकांना वाटतं. पण आतला छोटा भाग सुटून मुलाच्या घशात जाऊ नये, ही निर्मात्याची मोठी चिंता असते. मानकांत त्यासाठी एक छोटी नळी ठरवलेली आहे, ३१.७ मिलिमीटर व्यासाची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटलेला कुठलाही तुकडा त्या नळीत पूर्ण मावला, तर ते खेळणं नापास. खेळणं पाडून, पिरगाळून, ओढून तपासलं जातं. वेल्ड त्यात टिकतं आणि चार स्क्रूंपेक्षा स्वस्तही पडतं. दुरुस्ती करता येणं हा निकष यात कुठेच नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. आठ रुपयांची स्पीकरची वायर तुटली म्हणून अख्खं खेळणं फेकावं लागणं हे काही निसर्गनियमाने घडत नाही. कुणीतरी तसं ठरवलेलं असतं.

कवच टाकून देण्याआधी आतल्या बाजूने निरखून पाहा. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या प्लॅस्टिकवर आत गोल गोल ठसे असतात. वितळलेलं प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबून भरतात, ते थंड झालं की मागून खिळ्यांनी ढकलून बाहेर काढतात, त्या खिळ्यांचे हे ठसे. जिथून प्लॅस्टिक आत शिरलं तिथे छोटी खरखरीत गाठ असते. बऱ्याच खेळण्यांत घड्याळासारखं एक वर्तुळ सापडतं, कडेला १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडे, त्या महिन्यात हा तुकडा ओतला गेला. हे वर्तुळ सापडलं की मुलं घरातल्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या वस्तूची जन्मतारीख शोधत सुटतात, आणि त्यांना तसं सुटू द्यावं.

आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वाटा

मोबाईल उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे पोकळी. बहुतेक जागा रिकामी. बटणांखाली एक तपकिरी, पातळ पाटी, तिच्या एका बाजूला तांब्याच्या रेघा. नाण्याएवढा स्पीकर, दोन-तीन एलईडी, सेलकडून आलेल्या लाल-काळ्या तारा. पाटीच्या मधोमध काळा, चकचकीत, टणक थेंब.

बटणांपासून सुरुवात करू. प्लॅस्टिकची बटणं ज्यावर टेकतात तो रबराचा मऊ थर उलटा करा. प्रत्येक बटणाखाली काळी टिकली दिसेल. ती कार्बनमिश्रित रबराची असते, म्हणजे तिच्यातून वीज वाहते. पाटीवर तिच्या बरोबर समोर दोन रेघा एकमेकींत दात घालून बसलेल्या असतात, पण एकमेकींना टेकत नाहीत. बटण दाबलं की टिकली दोन्हींवर टेकते आणि वाट जोडली जाते. जुन्या खेळण्याची बटणं जोरात दाबावी लागतात, कारण या टिकल्यांवर धूळ आणि घाम साचलेला असतो. कापसाने स्पिरिट लावून पुसलं की बहुतेक वेळा खेळणं पुन्हा चालू होतं. बंद पडलेली बटणांची खेळणी दुरुस्त करायची असतील तर आधी हेच करावं.

आता मोजणी. बटणं बारा, पण काळ्या थेंबाकडे जाणाऱ्या बटणांच्या रेघा पुष्कळदा सातच. बटणं चार ओळी आणि तीन रकान्यांत जोडलेली असतात. चिप एकेका ओळीत वीज सोडते आणि ती कुठल्या रकान्यातून परत आली ते पाहते. तिसरी ओळ, दुसरा रकाना म्हणजे ८. चार अधिक तीन, सात रेघांवर बारा बटणांचं काम होतं. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतं, म्हणून आपल्याला बटण तत्काळ लागल्यासारखं वाटतं.

एलईडीच्या रेघा बाहेर जाणाऱ्या. लाल एलईडीला पेटायला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास. म्हणून सेल उतरू लागले की निळा दिवा आधी मंदावतो आणि लाल बराच काळ टिकतो. घरात असं खेळणं असेल तर लक्ष ठेवून पाहा.

हलवल्यावर जागं होणारं खेळणं असेल तर आत एक बारीक नळी सापडते. नळीत सैल स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या मधोमध न टेकणारी एक तार. धक्का बसला की स्प्रिंग लवते, तारेला शिवते, वाट क्षणभर जोडली जाते. आपटल्यावर रडणाऱ्या बाहुलीला, उडवल्यावर चमकणाऱ्या चेंडूला, चालताना लुकलुकणाऱ्या बुटांना एवढीच जाणीव असते. बाहुलीला दुखलं असं मुलाला वाटतं, आणि त्यामागे स्प्रिंगचा एक स्पर्श असतो. हे कळल्यावर मुलांचा विरस होतो असं सांगणारे लोक भेटतात. मी तसं कधी पाहिलेलं नाही. मुलं ती नळी काढून दुसऱ्या कशाला तरी जोडायला मागतात.

काळा थेंब

सगळ्या रेघा ज्या थेंबाखाली जातात तिथे चिप आहे. संगणकात किंवा टीव्हीत पाय असलेली काळी चौकोनी चिप दिसते, तशी इथे का नाही? तो चौकोन म्हणजे चिपचं वेष्टन. खरी चिप म्हणजे आतली सिलिकॉनची चकती, खेळण्यांत बहुधा एक-दोन मिलिमीटरची. वेष्टनाला पैसे लागतात. लाखो नग बनवायचे असतील तर नग्न चकतीच पाटीवर चिकटवणं परवडतं. मग यंत्राने तिच्या कडेपासून पाटीवरच्या रेघांपर्यंत केसाहून बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या तारा ओढतात आणि शेवटी या नाजूक तारा तुटू नयेत म्हणून वर इपॉक्सी या टणक होणाऱ्या चिकट द्रवाचा थेंब सोडून भट्टीत पक्का करतात.

थेंब काळाच का, यालाही कारण आहे. सिलिकॉनवर उजेड पडला की त्यात वीज निर्माण होते, सोलर पॅनेल त्याच गुणावर चालतं. उघड्या चिपवर प्रकाश पडला तर तिचे हिशेब चुकतात. २०१५ साली रास्पबेरी पाय २ या छोट्या संगणकाच्या बाबतीत हे जगाला दिसलं. त्याच्यावरची एक चिप जवळपास उघडीच होती आणि झेनॉन फ्लॅश मारून त्याचा फोटो काढला की संगणक बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा.

थेंब खरवडून आत काही दिसेल अशी आशा ठेवू नका. तारा तुटतात, चकती फुटते. प्रयोगशाळेत त्यासाठी तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. ते घरी करायचं काम नव्हेच. पण ज्यांनी हे नीट केलं त्यांना मोठा खजिना हाती लागला. बांदाई कंपनीच्या १९९६ च्या तामागोची या चिमुकल्या ‘पाळीव प्राण्या’ची चिप अशी उघडून तिचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले गेले आणि फोटोतले ठिपके वाचून आतला सगळा प्रोग्रॅम परत मिळवला गेला.

प्रोग्रॅम फोटोत दिसतो कसा? कारण या खेळण्यांत तो बहुधा साठवलेला नसून छापलेला असतो. चिप बनताना तिच्यावर एकावर एक थर चढतात, प्रत्येक थराचा नकाशा प्रकाशाने उमटवतात. त्यातला एक थर ठरवतो की या जागी जोड आहे की नाही, म्हणजे १ की ०. खेळण्याचे सगळे शब्द, चाली, नियम या थरात कायमचे गोठतात. पुढे एक शब्द बदलायचा तरी नवा नकाशा करावा लागतो आणि तो खर्च हजारो नग विकले तरच निघतो. मराठीत अंक म्हणणारं, मराठी बडबडगीत गाणारं खेळणं दुकानात मागितलं की दुकानदार हिंदी-इंग्रजीचं दाखवतो, त्यामागे हेही एक कारण आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या चिपही मिळतात आणि त्यांच्यासाठी हजारो नग लागत नाहीत. मराठी खेळणं कुणाला करायचंच असेल तर रस्ता तिथून जातो.

आवाजाचा हिशेब

आवाज म्हणजे हवेचा कमी-जास्त होणारा दाब. तो साठवायचा तर सेकंदात हजारो वेळा मोजून आकडे लिहून ठेवायचे. सेकंदाला ८,००० मोजण्या, प्रत्येक एक बाइटची, म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. स्वस्त चिपला एवढी जागा परवडत नाही. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण आकडा न लिहिता मागच्या आकड्यापासून किती वर किंवा खाली एवढाच फरक लिहितात, अर्ध्या बाइटात. मोजण्याही ६,००० वर आणतात. सेकंदाला ३,००० बाइट झाले. वीस सेकंदांचं बोलणं ६०,००० बाइटांत बसतं.

या काटकसरीची किंमत कानाला कळते. सेकंदाला ६,००० मोजण्या घेतल्या तर ३,००० हर्ट्झच्या वरचे स्वर पकडताच येत नाहीत. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळेपण देणारी शिट्टी त्याच्या वर असते. म्हणून खेळण्यातला ‘सात’ कधी ‘फात’ असा ऐकू येतो आणि इंग्रजीतला सिक्स नुसता ‘इक’ होतो. बाळ ज्या वयात उच्चार शिकतं त्या वयात त्याला हे ऐकवून अंक शिकवण्यात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

चालींचं तसं नाही. चाल म्हणजे कुठला स्वर आणि किती वेळ. शंभर स्वरांची चाल दोनशे बाइटांत मावते, म्हणून त्याच मोबाईलमध्ये शब्द मोजके आणि चाली पंधरा-वीस असतात. त्या पिपाणीसारख्या एकसुरी वाजतात, कारण चिप स्पीकरला नुसती चालू-बंद करत असते.

जागा वाचवण्याची सगळ्यांत हुशार युक्ती मात्र जुनी आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ साली ‘स्पीक अँड स्पेल’ हे स्पेलिंग शिकवणारं खेळणं काढलं. तेव्हा मेमरी फार महाग. त्यांच्या इंजिनिअरांनी आवाज साठवायचं सोडूनच दिलं. त्यांनी चिपमध्ये माणसाच्या घशाचं आणि तोंडाचं गणिती रूप बसवलं आणि साठवलं ते एवढंच की या क्षणी घसा कंप पावतोय की नुसती हवा सुटतेय, आणि तोंडाची पोकळी कशी आकारलीय. त्यावरून चिप आवाज नव्याने घडवायची. सेकंदाच्या बोलण्याला दीडशे बाइटांच्या आसपास पुरायचे, म्हणजे वरच्या हिशेबाच्या विसावा भाग. लहान मुलांच्या खेळण्यासाठी केलेलं हे काम पुढच्या बोलणाऱ्या यंत्रांच्या पायाचा एक मोठा दगड ठरलं.

सेल उतरले की खेळणं घोगरं, संथ, भीतीदायक बोलू लागतं, हा अनुभव घराघरांत आहे. चिपला आकडे कुठल्या वेगाने बाहेर काढायचे ते सांगणारा ठोका लागतो. महागड्या यंत्रांत त्यासाठी क्वार्ट्झ असतं, खेळण्यात थेंबाजवळचा एक रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) आणि चिपच्या आतला छोटा कपॅसिटर मिळून तो देतात. व्होल्ट उतरले की हा ठोका मंदावतो आणि आवाज खाली येतो. फक्त सेलवर चालणाऱ्या खेळण्यात त्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर ओलं बोट टेकवून पाहा. बोटातून विजेला दुसरी वाट मिळते, ठोका वाढतो आणि खेळणं चिरक्या आवाजात भराभर बोलू लागतं. काही नव्या चिपमध्ये रेझिस्टरही आतच असतो, तिथे हे जमत नाही. अमेरिकेतल्या रीड गझाला यांनी १९६० च्या दशकात अशाच अनपेक्षित जोडण्यांतून संगीत शोधायला सुरुवात केली. आज ‘सर्किट बेंडिंग’ म्हणून ती एक स्वतंत्र कला आहे.

ऐकणारी खेळणी

आता फर्बीच्या काळातला प्रश्न आजच्या खेळण्यांना विचारू, कारण आज तो जास्त गंभीर आहे. खेळण्याला कान आहेत का? ऐकलेलं ते कुठे ठेवतं? आणि ते बाहेर पाठवू शकतं का?

माइक ओळखणं सोपं आहे. बहुतेक खेळण्यांत तो वाटाण्याएवढ्या गोल धातूच्या डबीसारखा असतो, तोंडावर काळं फेल्टचं कापड आणि मागून दोन तारा. कवचावर त्याच्यासमोर बारीक भोक असतं. नव्या महाग खेळण्यांत तो तांदळाएवढी चपटी धातूची पेटी असते, मध्ये सुईच्या अग्राएवढं भोक. माइक सापडला म्हणून खेळणं रेकॉर्ड करतंच असं नाही. फर्बी करत नव्हता. टाळी वाजवली की चालणारी खेळणीही करत नाहीत.

आपल्याकडे मध्यंतरी घरोघरी आलेला नाचरा निवडुंग मात्र रेकॉर्ड करतो. आपण बोललेली वाक्यं तो चिरक्या आवाजात परत म्हणतो. पाच-दहा सेकंदांचं बोलणं साठवायला ४० ते ८० हजार बाइट पुरतात, आणि आजच्या चिपला ते जड नाही. पुढचं वाक्य आलं की मागचं पुसलं जातं. आवाज चिरका येतो तो साठवलेले आकडे मुद्दाम जास्त वेगाने बाहेर काढल्यामुळे. साध्या निवडुंगाच्या पाटीवर बाहेर पाठवायचं साधन काहीच नसतं.

ते साधन म्हणजे अँटेना. ब्लूटूथ किंवा वायफाय असेल तर पाटीच्या कडेला तांब्याची नागमोडी रेघ दिसते, जी कुठल्याच भागाला जाऊन मिळत नाही. कधी तीन-चार सेंटिमीटरची एकच तार मोकळी सोडलेली असते. माइक आणि अशी रेघ दोन्ही असतील तर खेळणं बोलणं बाहेर पाठवू शकतं.

‘माय फ्रेंड कायला’ या बाहुलीत दोन्ही होतं. तिला प्रश्न विचारला की ती उत्तर द्यायची, आणि मुलांना वाटायचं ती विचार करते. बाहुलीच्या पोटात खरं तर ब्लूटूथ हेडसेटचंच सामान होतं. मुलाचा आवाज ती जवळच्या फोनला द्यायची, फोनमधलं अ‍ॅप तो इंटरनेटवर पाठवायचं आणि आलेलं उत्तर तिच्या तोंडून यायचं. जोडणीला पासवर्ड नव्हता, त्यामुळे जवळपासचा कुठलाही फोन बाहुलीला जोडता यायचा, म्हणजे तिच्यातून ऐकता आणि बोलता यायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामक संस्थेने तिला छुपं पाळतीचं साधन ठरवून बंदी घातली आणि पालकांना ती निकामी करायला सांगितलं.

अशी बाहुली घरात आली असेल तर आधी तिचं अ‍ॅप फोनकडे माइकची आणि इंटरनेटची कुठली परवानगी मागतं ते पाहावं. जोडताना पासवर्ड किंवा बाहुलीवरचं बटण लागतं का ते शेजारच्या फोनवरून तपासावं. कुठलाही फोन सहज जोडला जात असेल तर ती उघडून माइकच्या दोन तारा कापाव्यात. बाकीची बाहुली तशीच चालत राहते.

उघडलेल्या खेळण्यांतून निघालेले स्पीकर, मोटर, स्प्रिंगच्या नळ्या आणि एलईडी एका डब्यात जमवत जावेत. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची कितीतरी खेळणी केली, त्यांची कृती इंटरनेटवर फुकट पाहायला मिळते, आणि अशा डब्यातल्या मोटरला तिथे लगेच काम सापडतं. उरलेल्या पाट्या आणि संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत इलेक्ट्रॉनिक खेळणीही येतात, त्यामुळे ती अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रावर देता येतात. बटण सेल देण्याआधी त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे डब्यात ते एकमेकांना टेकून तापणार नाहीत.